तारीख तपासली, वार नाही

छत्तीस वर्षं मी बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा इन्स्पेक्शन खात्यात. शाखेत जायचं, दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या, त्यांच्यापुढे लाल खूण करायची आणि शाखाधिकाऱ्याकडून खुलासा मागवायचा, हे माझं काम. आज मी स्वतः आखलेल्या एका सहलीचा खुलासा लिहायला बसलोय. नमुना ओळखीचा आहे, फक्त टेबलाची बाजू बदलली आहे.

सहल भूमध्य समुद्रातली. बार्सिलोनाला क्रूझवर चढायचं, सात रात्री बोटीवर काढायच्या आणि पुन्हा बार्सिलोनालाच उतरायचं. मध्ये पाच बंदरं: नेपल्स, रोमसाठी चिव्हितावेक्किया, फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नो, मग जेनोआ आणि मार्सेय. पहिला एक दिवस नुसता समुद्र, त्यानंतर सलग पाच दिवस रोज एक बंदर. बॅग एकदाच उघडायची, युरोप रोज सकाळी तुमच्या खिडकीशी येऊन उभा राहील, असं जाहिरातीत होतं. आम्ही खिडकी नसलेली केबिन घेतली. ती स्वस्त होती.

खरं तर आम्हा दोघांना मिळून दोनच गोष्टी पाहायच्या होत्या.

हिची गोष्ट फ्लॉरेन्समध्ये होती. ही बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होती. कोल्हापूरला ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करताना त्यांच्या वर्गात प्लास्टरचे नमुने होते: एक डोळा, एक नाक, एक कान, एक ओठांची जोडी. सगळे मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचे. त्यांच्यावरून छायाप्रकाश काढायला शिकायचं. ते नाक हिने इतक्या वेळा काढलंय की अजूनही फोनवर बोलताना समोर पेन असेल तर वर्तमानपत्राच्या कडेला तेच नाक उमटतं. ‘‘डेव्हिड मी सुटा सुटा पाहिलाय,’’ ही म्हणायची, ‘‘एकदा सबंध पाहायचाय.’’

माझी गोष्ट मार्सेयला होती. वडील प्राथमिक शिक्षक. दरवर्षी जुलैत शाळा नुकती मार्गी लागली की ते वर्गात सावरकरांच्या उडीची गोष्ट सांगत. ८ जुलै १९१०, मोरिया बोट, शौचकूपाची गोल खिडकी. वडिलांच्या गोष्टीत समुद्र दर वर्षी थोडा रुंद व्हायचा. पुढे वाचायला लागल्यावर कळलं की बोट बंदरातच उभी होती, पोहायचं अंतर थोडंच होतं. ते धक्क्यावर चढून पळालेही, पण फ्रेंच शिपायाने पकडलं आणि इंग्रज पहारेकऱ्यांच्या हवाली केलं. फ्रान्सच्या जमिनीवर पकडलेला माणूस इंग्रजांना परस्पर देता येतो का, यावर प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी १९११मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. अंतर कमी निघालं म्हणून माझ्या लेखी उडी लहान झाली नाही. उलट ते पाणी एकदा स्वतः पाहावं, असं मनात बसलं. एजंटाने तीन बोटी दाखवल्या होत्या. त्यातली ही मी निवडली ती मार्सेयसाठी.

एवढंच ठरवून थांबलो असतो तर हा खुलासा लिहावा लागला नसता.

पण साडेचार लाख भरल्यावर माणसाची नजर बदलते. एवढे पैसे आणि दोनच गोष्टी? मी एक्सेलची शीट उघडली. बंदर, बोट लागण्याची वेळ, सुटण्याची वेळ, स्टेशनपर्यंतचं अंतर, गाडीची वेळ, तिकीट, बघायच्या जागा, प्रत्येक जागेला मिनिटं. शेवटचा रकाना ‘पाहिलं’, त्यात खूण करायची. बोटीच्या कंपनीच्या सहली महाग होत्या, म्हणून सगळं आपलं आपण करायचं ठरवलं. तिथेच एक नियमही वाचला: कंपनीच्या सहलीला गेलेल्यांना उशीर झाला तर बोट थांबते, आपापले गेलेल्यांसाठी थांबत नाही. तो नियम मी शीटच्या माथ्यावर तांबड्या अक्षरांत टाकला. मुलाने शीट बघितली आणि विचारलं, ‘‘बाबा, ही सहल आहे की इन्स्पेक्शन?’’ मला ते कौतुक वाटलं.

डेव्हिडचं तिकीट आधी काढून ठेवावं, असं एका भाच्याने सुचवलं होतं. मी पाहिलं, तर आगाऊ नोंदणीला माणशी चार युरो जादा. आठ युरो वाचवावेत, तिथे जाऊन रांगेत उभं राहू, असं ठरवलं. हे आठ युरो लक्षात ठेवा.

बार्सिलोनाला विमान सकाळी उतरलं आणि संध्याकाळी बोट सुटली. गौदीचं ते प्रसिद्ध चर्च टॅक्सीच्या खिडकीतून दिसलं. त्याचे मनोरे बांधणाऱ्या क्रेन जास्त ठळक दिसल्या. शीटमध्ये खूण झाली. बोटीवर आधी सगळ्यांना गोळा करून जीवरक्षक जॅकेटची कवायत घेतली. २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्याशी कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, त्यात ३२ माणसं गेली, तेव्हापासून बोट सुटण्याआधीच ही कवायत होते. मी लक्ष देऊन ऐकलं. संकटाची तयारी मला आवडते. संकट कुठून येणार ते मात्र त्या कवायतीत नव्हतं.

नेपल्सला आम्ही ताजे होतो. लोकल गाडीने पॉम्पेईला गेलो. सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली दबलेलं गाव. ६६ हेक्टरांचा पसारा, रथांच्या चाकांनी रस्त्याच्या फरशीवर पाडलेल्या चाकोऱ्या अजून बोटं घालून पाहता येतात. माझा मात्र एकच ध्यास होता. मी उस्मानाबादेत होतो तेव्हा तेरचं संग्रहालय पाहिलं होतं, आणि तिथे कुणीतरी सांगितलं होतं की तेर-भोकरदनला सापडल्या त्याच धाटणीची एक हस्तिदंती मूर्ती १९३८मध्ये पॉम्पेईत मिळाली. तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात. पुष्कळ अभ्यासक यक्षी म्हणतात. एवढ्या लांब आपल्या मुलखाच्या ओळखीचं कुणी भेटणार, म्हणून मी भर उन्हात दीड तास तिला शोधत होतो. शेवटी एका गाईडने हात हलवत सांगितलं, ‘‘नापोली, नापोली.’’ मूर्ती सापडली पॉम्पेईत, पण ठेवली आहे नेपल्सच्या संग्रहालयात. आमची बोट जिथे लागली होती तिथून अडीच किलोमीटरवर. आम्ही परतलो तोवर बोट सुटायला पाऊण तास होता. बँकेचा माणूस आणि लक्ष्मीच चुकली, म्हणून ही हसली. मीही हसलो. पहिला दिवस होता, हसणं परवडत होतं.

दुसऱ्या दिवशी रोम, रविवार. चिव्हितावेक्कियाला बोट लागते. तिथून शटल बस, मग गाडी, असं करत रोम गाठायचं. व्हॅटिकनला पोचलो तर रांग चौकाला वळसा घालून पुढे गेलेली, कारण रविवारी दुपारी बाराला पोप खिडकीत दर्शन देतात. म्युझियमचं विचारलं तर रविवारी बंद. वारांमुळे दारं बंद असतात, हे मला त्या दिवशी स्पष्ट सांगितलं गेलं होतं. मी काय केलं? शीटमधली ती ओळ तांबडी केली आणि पुढच्या ओळीवर गेलो. पुढच्या दिवसाच्या ओळींना तोच प्रश्न विचारावा, हे सुचलं नाही. शाखेत एका खात्यात घोळ सापडला की शेजारची दहा खाती उघडायची, हे मीच नव्या अधिकाऱ्यांना शिकवायचो.

सेंट पीटर्समध्ये मायकेलअँजेलोची पिएता आहे. १९७२मध्ये एकाने तिच्यावर हातोडा चालवला, तेव्हापासून ती काचेआड असते. ही टाचा उंचावून, पुढच्यांच्या खांद्यांमधून बघत होती. मी मागून घड्याळ दाखवत होतो. चार मिनिटं झाली आणि मी हिला दंडाला धरून बाहेर काढलं, कारण ट्रेव्ही, पँथिऑन आणि कोलोसियम बाकी होतं. त्यातलं कोलोसियम आम्ही बाहेरून पाहिलं, गाडीकडे धावता धावता.

आणि मग सोमवार.

लिव्होर्नोच्या मालवाहू धक्क्यावरून पायी जाऊ देत नाहीत. तिथेही शटल, मग शहरबस, मग दीड तासाची गाडी. दहा वाजून दहा मिनिटांनी फ्लॉरेन्स, शीटमध्ये होतं तसंच. त्या दिवशी हिने अबोली रंगाची साडी नेसली होती, पायात बूट. खांद्याच्या पिशवीत चित्रांची वही आणि फोर-बीची नवी पेन्सिल, टोक काढून रुमालात गुंडाळलेली. स्टेशनपासून डेव्हिड ठेवलाय त्या ॲकॅडमियापर्यंत पंधरा मिनिटं. ही माझ्यापुढे चालत होती. एरवी ती कधी माझ्यापुढे चालत नाही.

गल्लीत रांग नव्हती. मला आनंद झाला. आठ युरो वाचल्याचाही झाला, हे लपवत नाही.

दार बंद होतं. दारावर एक पाटी. पाटीवर इटालियनमध्ये दोन शब्द होते, त्यातला एक मला आदल्या दिवशी व्हॅटिकनच्या दारावर भेटला होता: ‘किऊझो’, म्हणजे बंद. दुसरा शब्द सोमवार असणार, हे सांगायला भाषा लागत नव्हती. ॲकॅडमिया सोमवारी बंद असते. तिथलं उफिझी संग्रहालयसुद्धा. फ्लॉरेन्सला येणाऱ्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. आणि मी आगाऊ तिकीट काढायला गेलो असतो तर त्या तारखेला तिकीटच मिळत नाही, हे घरबसल्या दिसलं असतं.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चेकवरच्या तारखा तपासल्या. शीटमध्ये तारीख होती, वेळ होती, अंतर होतं. वाराचा रकाना नव्हता.

ही त्या दाराकडे थोडा वेळ बघत उभी राहिली. चिडली नाही. मी म्हणालो, ‘‘अगं, बाहेर चौकात दुसरा आहे ना.’’ ते खरं होतं. पिआझा देला सिन्योरियात जुन्या राजवाड्याच्या दाराशी डेव्हिड उभा आहे. खरा डेव्हिड १५०४ पासून तिथेच उघड्यावर होता. १८७३मध्ये त्याला आत हलवलं आणि १९१०मध्ये रिकाम्या जागी नक्कल उभी केली. आम्ही गेलो. नक्कल उत्तम आहे. लोक फोटो काढत होते. हिने वर पाहिलं, मग त्याच्या उजव्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. तो हात अंगाच्या मानाने मोठा आहे, तसाच नकलेतही आहे.

‘‘बघ, मापं अगदी तीच आहेत,’’ मी म्हणालो.

‘‘नोटेची झेरॉक्ससुद्धा मापाला तीच असते ना हो?’’

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं नेमकं कुणी सुनावलं नव्हतं. वही पिशवीतून बाहेर आलीच नाही.

इथे थांबायला हवं होतं. चौकातल्या पायऱ्यांवर बसायला हवं होतं, आइस्क्रीम खायला हवं होतं, माझं चुकलं असं म्हणायला हवं होतं. मी घड्याळ पाहिलं. साडेअकरा. जुनं कर्ज बुडालंय हे दिसू नये म्हणून त्याच खातेदाराला नवं कर्ज द्यायचं, असे प्रकार मी कितीतरी शाखांमध्ये पकडले होते. मी तेच केलं. म्हणालो, ‘‘चल, परतीच्या वाटेवर पिसा आहे. झुकता मनोरा तरी होईल.’’

पिसा स्टेशनापासून मनोरा दीड-दोन किलोमीटर. बसची वाट बघण्यात वेळ जाईल म्हणून चालत. हिचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरत होता. रोमच्या धावाधावीनंतर त्याची कुरकुर वाढली होती, पण गुडघ्याला शीटमध्ये रकाना नव्हता. मनोऱ्यापाशी शेकडो माणसं हवेत हात धरून मनोरा सावरल्याचे फोटो काढत होती. मीही काढला. मनोऱ्याचं बांधकाम ११७३मध्ये सुरू झालं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत आलं तोवर तो कलायला लागला होता. पायाखालची माती मऊ निघाली. पुढच्यांनी वर आणखी मजले चढवले. ही माहिती मी हिला मोठ्याने वाचून दाखवली आणि तेव्हाही मला स्वतःवरून काही सुचलं नाही.

परतताना स्टेशनच्या पायऱ्यांवर हिचा गुडघा धरला. पाच-सात मिनिटं ती कठड्याला धरून उभी होती आणि मी एका हाताने तिला, दुसऱ्या हाताने फोनवर गाड्यांची वेळ धरून होतो. बोटीवर आम्ही चढलो तेव्हा शिडी काढायला बावीस मिनिटं उरली होती. मला तोही हिशेब पाठ आहे. हिने त्या रात्री जेवण केबिनमध्ये मागवलं. सोबत आणलेलं मेतकूट भातावर घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. खिडकी नव्हती, त्यामुळे बघायला दुसरं काही नव्हतंही.

मंगळवारी जेनोआ. हिने सांगितलं, ‘‘मी येत नाही. तुम्ही जाऊन या.’’

शहाणा माणूस थांबला असता. मी गेलो. हिने जा म्हटलं म्हणून गेलो, असं नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. त्या ‘जाऊन या’चा अर्थ छत्तीस वर्षांच्या संसारानंतर न कळण्याइतका मी काही नवखा नव्हतो. जेनोआत मी जुन्या गावातल्या बोळांमधून फिरलो, कोलंबसाचं म्हणून दाखवतात ते घर पाहिलं, गॅरिबाल्डी रस्त्यावरचे वाडे पाहिले. त्र्याऐंशी फोटो. घरी आल्यावर त्यातल्या एका फोटोत कोपऱ्यात एक रंगवलेली इमारत सापडली. नंतर ओळख पटली: पलाझ्झो सान जॉर्जो. १४०७मध्ये जेनोआत सुरू झालेल्या, युरोपातल्या सर्वांत जुन्या बँकांपैकी एकीची ती जागा. मी तिच्यासमोरून दोनदा गेलो, दोन्ही वेळा घाईत.

ही बोटीवरच होती. डेकवर एक खुर्ची ओढून बसली. समोर जेनोआचं दीपगृह दिसतं, ‘लांतेर्ना’. आजच्या रूपात १५४३पासून उभं आहे, ७७ मीटर उंच. मी संध्याकाळी परतलो तेव्हा हिच्या मांडीवर वही उघडी होती. डेव्हिडसाठी टोक काढलेल्या पेन्सिलीने हिने दीपगृह काढलं होतं. खाली पाणी, एक टगबोट, धक्क्यावर दोर गुंडाळणारा एक माणूस. त्या माणसाने वर बघून हिला हात केला होता म्हणे. किती वेळ बसली होतीस, विचारलं, तर म्हणाली, ‘‘घड्याळ नाही पाहिलं.’’ मी त्र्याऐंशी फोटो दाखवायला फोन काढला होता. तो परत खिशात ठेवला.

बुधवारी मार्सेय.

बिनखिडकीच्या केबिनमध्ये सकाळ होत नाही. कुणीतरी सांगावी लागते. ही तयार होऊन उभी होती, गुडघ्याला पट्टा बांधून. ‘‘अहो, उठा. आज तुमचा दिवस ना?’’ पावणेदहा वाजले होते. माझ्या दोन्ही टाचांना फोड, पोटऱ्या दगड. मार्सेयला बोटी गावाबाहेर उत्तरेच्या धक्क्यावर लागतात. जुन्या बंदराशी जायला पुन्हा शटल, पुन्हा रांग. गेल्या चार दिवसांत शटल या शब्दाने मला मळमळायला लागलं होतं. म्हणालो, ‘‘दुपारी जाऊ.’’

दुपारी आम्ही बुफेत होतो. इथे काय घडलं ते नीट सांगतो, कारण यात नशिबाचा, हवामानाचा किंवा इटालियन सुट्ट्यांचा काही संबंध नाही. मी ताटात पास्ता घेतला. मग पिझ्झ्याचा तुकडा घेतला. मग तीन गोड पदार्थ, कारण ते पैशांत धरलेले होते. बसलेल्या टेबलाशी मोठी काच होती आणि काचेतून मार्सेय दिसत होतं, टेकडीवर सोनेरी पुतळा असलेलं चर्च, खाली पसरलेलं बंदर. ‘‘जायचं का?’’ हिने विचारलं. ‘‘कॉफी घेतो,’’ मी म्हणालो. कॉफीनंतर पाच मिनिटं पडतो म्हणून केबिनमध्ये गेलो. जागा झालो तेव्हा साडेचार वाजले होते आणि शेवटची शटल येऊन गेली होती.

डेकवर गेलो. ही कठड्याशी उभी होती. अकराव्या मजल्यावरून पाणी बरंच खाली दिसतं, हिरवट, तेलाचे डाग असलेलं, कुठल्याही बंदरात असतं तसं. ज्या माणसाला उतरायची बंदी होती तो गोल खिडकीतून उतरला. माझ्या गळ्यात उतरायचं कार्ड होतं, खाली शिडी लागलेली होती, शिडीशी थंड सरबत घेऊन उभा असलेला पोऱ्या होता, आणि मी उतरलो नाही. १९१० हे साल त्या सहलीत दोनदा आलं. त्या साली उभी केलेली नक्कल मी पाहिली. त्या साली उडी पडली ती जागा सोडली.

ही काही बोलली नाही. झेरॉक्ससारखं काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं. वडील असते तर त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं असतं, आणि तेही शिक्षा म्हणून कमीच.

शेवटच्या रात्री दाराखालून बिल सरकवलं जातं. माणशी रोजची टिप आपोआप लावलेली, ठिकठिकाणच्या शटली, पाण्याच्या बाटल्या. फोन समुद्रावर बोटीच्या नेटवर्कला आपोआप चिकटत होता. त्याचं बिल पुण्याला आल्यावर आलं, एकोणीस हजार. पण त्या रात्री मी दुसरा हिशेब मांडला, हॉटेलच्या पॅडसारख्या त्यांच्या छोट्या कागदावर. पाच बंदरांत मिळून बोट धक्क्याला उभी होती चोपन्न तास. त्यातले अकरा मार्सेयचे, ते गेले. गाड्या, बस, शटल, रांगा, वाट चुकणं: सव्वीस. खाणं, पाणी, स्वच्छतागृह शोधणं: नऊ. उरले आठ. आता एकाच गोष्टीपुढे पाच मिनिटांहून जास्त वेळ शांत उभा राहिलो, अशी नोंद त्या आठ तासांत शोधली. एकच सापडली. ॲकॅडमियाचं बंद दार.

दिवाळीत पाहुणे आले. कुणीतरी फोटो दाखवा म्हटलं, म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडला. फोटोंच्या आधी चुकून शीटच उघडली. पडद्यावर शहरांच्या नावांखाली ओळी, आणि शेवटच्या रकान्यात ओळीने हिरव्या खुणा. ‘‘बापरे, सगळं पाहिलंत!’’ मेहुणा म्हणाला. मी काही बोललो नाही. चकल्यांची ताटली पुढे सरकवत ही म्हणाली, ‘‘मार्सेयला आम्ही उतरलोच नव्हतो.’’

खोटी नोंद. तीही माझ्या हाताची, परतीच्या विमानात बसून केलेली, रकाना रिकामा दिसू नये म्हणून. अशा नोंदीसाठी मी माणसांचे खुलासे मागवलेत, एकाची बढती अडवली आहे.

रात्री पाहुणे गेल्यावर मी शीट पुन्हा उघडली. ‘पाहिलं’च्या खुणा काढल्या आणि पुढे एक नवा रकाना घातला, ‘शेरा’. नेपल्स: लक्ष्मी अडीच किलोमीटरवर होती. रोम: चार मिनिटं, काचेतून. फ्लॉरेन्स: सोमवार. पिसा: बुडीत. मार्सेय: हजर, उतरलो नाही.

जेनोआपुढे बराच वेळ काही सुचेना. समोरच्या भिंतीवर ते दीपगृहाचं चित्र आहे, तिने फ्रेम करून लावलेलं. दोर गुंडाळणारा माणूस अगदी खाली उजवीकडे, डोकं वर करून पाहतोय. मी तिथे होतो तेव्हा बोळांमधून पळत होतो, त्या माणसाबद्दल मला काहीच माहीत नाही.

लिहिलं: हिला विचारावे.